सबलिमिनल ऑडिओ ऐकून सिगारेट सोडायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः १४ वर्षं सिगारेट ओढली. सुटायच्या आधी दोनदा सबलिमिनल ट्रॅक ऐकून सोडायचा प्रयत्न केला होता, हे कळल्यापासून लोक मला याबद्दल विचारत असतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एका जागी लिहून काढले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे औषधांचा विषय आहे तिथे डॉक्टरांशी बोलूनच पुढे जा.

१. सबलिमिनल ऑडिओ म्हणजे नक्की काय असतं?

वरवर ऐकलं तर पावसाचा नाहीतर लाटांचा आवाज किंवा संथ म्युझिक. दावा असा की त्याच्या खाली "मला सिगारेटची गरज नाही", "माझा श्वास मोकळा होतोय" अशी वाक्यं इतक्या बारीक आवाजात किंवा इतक्या वेगात भरलेली असतात की कानाला कळत नाहीत पण सुप्त मन ती टिपतं, आणि रोज ऐकत राहिलं की सिगारेट आपोआप नकोशी होते. यातच सायलेंट नावाचा एक प्रकार आहे, त्यात वाक्यं इतक्या उंच फ्रिक्वेन्सीवर चढवलेली असतात की जवळजवळ शांतताच ऐकू येते. ज्या ऑडिओत वाक्यं स्पष्ट ऐकू येतात तो सबलिमिनल नाही, त्याबद्दल प्रश्न ८ बघा.

२. फिरवून सांगू नका, याने सिगारेट सुटते की नाही?

न ऐकू येणाऱ्या वाक्यांनी सुटते याला पुरावा नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९१ मध्येच असल्या सेल्फ-हेल्प टेप्सचा आढावा घेतला होता आणि या दाव्यांना ना थिअरीचा आधार आहे ना प्रयोगांचा, असंच मत दिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांची गाइडलाइन काढली, त्यात समुपदेशन आहे, निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि गम (चघळायच्या गोळ्या) आहेत, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन ही औषधं आहेत. सबलिमिनल नाही.

पण ट्रॅक लावून जी वीस-तीस मिनिटं तुम्ही शांत बसता ती वाया जात नाहीत, त्यांचा उपयोग करता येतो आणि खाली मी बरंचसं त्याबद्दलच लिहिलंय.

३. पण सिनेमा थिएटरमध्ये प्रयोग झाला होता ना, पडद्यावर न दिसणारा मेसेज दाखवून पॉपकॉर्नचा खप वाढला होता?

ही गोष्ट जवळपास प्रत्येक जण सांगतो. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या मार्केटिंगवाल्याने न्यू जर्सीतल्या एका थिएटरचा हवाला देऊन हा दावा केला आणि जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्याने स्वतःच एका मुलाखतीत कबूल केलं की त्याच्याकडे काही अर्थ काढता येईल इतकी माहितीच नव्हती. तोपर्यंत गोष्ट इतकी पसरली होती की कबुली कुणाच्या कानावर गेलीच नाही.

आता लॅबमध्ये क्षणभर दाखवलेल्या शब्दाचा किंवा चित्राचा थोडा परिणाम होतो हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तो परिणाम छोटा असतो आणि लगेच विरतो. वर्षानुवर्षं दिवसाला पंधरा-वीस वेळा गिरवलेली सवय मोडणं फार लांबची गोष्ट आहे.

४. ट्रॅकमध्ये खरंच काही बोललेलं असतं का?

कधी असतं, कधी नसतं, आणि तुम्हाला कळायला मार्ग नसतो. १९८८ मध्ये फिलिप मेरिकल या मानसशास्त्रज्ञाने बाजारातल्या अशा टेप्स तपासल्या तेव्हा स्पेक्ट्रोग्राफवर (आवाजाचं चित्र काढणाऱ्या यंत्रावर) सुद्धा बोलण्याची खूण सापडली नव्हती.

दुसरी गंमत एमपी३ची आहे. एमपी३ फाइल लहान कशी होते, तर मोठ्या आवाजाखाली दबलेले जे बारीक आवाज माणसाला ऐकू येणार नाहीत ते ती काढून टाकते किंवा अगदी ढोबळ करून ठेवते. म्हणजे पावसाखाली लपवलेलं वाक्य नेमकं याच कात्रीत सापडतं. आणि सायलेंट प्रकारात जी उंच फ्रिक्वेन्सी वापरतात, साधारण १४ हजार हर्ट्झच्या वरची, ती कमी बिटरेटच्या (जास्त दाबून लहान केलेल्या) फाइलमध्ये वरून छाटली जाते, फोनचा छोटा स्पीकर ती नीट वाजवत नाही आणि वय वाढेल तसं आपल्या कानालाही ती पट्टी कमी कमी ऐकू येते. मी पूर्वी तासभर हेडफोन घालून बसायचो, हे सगळं तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

५. माझ्या मित्राची याच ट्रॅकने सुटली. तो खोटं बोलतोय का?

अजिबात नाही. त्याची सुटली, मनापासून अभिनंदन सांगा त्याला. फक्त ती कशाने सुटली हा वेगळा प्रश्न आहे.

१९९१ चाच एक प्रयोग आहे, अँथनी ग्रीनवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, मला तो फार आवडतो. लोकांना दोन प्रकारच्या सबलिमिनल टेप्स दिल्या, एक स्मरणशक्तीची आणि एक आत्मविश्वासाची. पण काही जणांच्या टेपवरची लेबलं गुपचूप बदलून ठेवली. महिनाभर रोज ऐकल्यावर चाचण्या घेतल्या तर स्मरणशक्ती आणि आत्मविश्वास, दोन्हींत टेपमुळे काही फरक नव्हता. पण लोकांना मात्र वाटत होतं की फरक पडलाय, आणि तो सुद्धा आत काय आहे त्यात नाही तर लेबलवर जे लिहिलंय त्यात!

तुमच्या मित्राने ट्रॅक सुरू केला त्याच दिवशी बहुतेक अजूनही काहीतरी केलं असणार. तारीख ठरवली असेल, घरात सांगितलं असेल, पाकीट फेकलं असेल, रोज रात्री अर्धा तास एका जागी बसून 'मला सोडायचीये' हे स्वतःला आठवण करून दिली असेल. एकदा विचारून बघा त्याला, ट्रॅक सोडून अजून काय काय केलंस म्हणून.

६. प्लासिबो (नुसत्या विश्वासाने वाटणारा गुण) तर प्लासिबो, फायदा होत असेल तर ऐकायला काय हरकत आहे?

ऐका, हरकत काहीच नाही, मी कुणाला बंद करायला सांगत नाही. माझी काळजी एवढीच की ट्रॅक ऐकतोय म्हणून बाकी काही करायची गरज नाही असं वाटायला लागतं. कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ३ ते ५ जणच सहा महिने-वर्षभर टिकतात. निकोटिनचा पॅच किंवा गम वापरला तर यशाची शक्यता त्याच्या दीडपट होते, त्यात समुपदेशनाची जोड मिळाली तर अजून वाढते. आता कुणी सहा महिने फक्त पावसाचा आवाज ऐकत राहिलं आणि त्या सहा महिन्यांत सिगारेट चालूच राहिली तर ते सहा महिने फुफ्फुसांनी भरले ना.

७. रात्री झोपेत लावून ठेवलं तर जास्त परिणाम होतो म्हणतात, खरंय का?

झोपेत वाक्यं ऐकून सवय बदलते असं दिसलेलं नाही, उलट रात्रभर कानात आवाज राहिला की झोप मोडते आणि सोडण्याच्या पहिल्या आठवड्यात झोप आधीच बिघडलेली असते.

पण झोपेबद्दल एक फार इंटरेस्टिंग प्रयोग २०१४ मध्ये इस्रायलमध्ये झाला. झोपलेल्या स्मोकर्सना सिगारेटचा वास आणि त्याच्या जोडीला सडक्या माशाचा किंवा अंड्याचा वास दिला, सकाळी कुणाला काही आठवत नव्हतं, तरी पुढचे काही दिवस त्यांनी कमी सिगारेटी ओढल्या. जागेपणी हेच केलं तर तसा फरक पडला नाही. लक्षात घ्या, तिथे वास होता, शब्द नव्हते, प्रयोग लॅबमध्ये झाला आणि सिगारेटी कमी झाल्या, सुटल्या नाहीत. याचा दाखला देऊन कुणी झोपेत ऐकायचा ट्रॅक गळ्यात मारत असेल तर हे सांगा.

८. हिप्नोसिस, अफर्मेशन्स, मेडिटेशन, सबलिमिनल, सगळं एकच ना?

नाही. हिप्नोसिसमध्ये समोरचा काय बोलतोय ते तुम्हाला ऐकू येतं, तुम्ही त्यात सामील असता. सिगारेट सोडायला त्याचा उपयोग होतो का याबद्दलचे अभ्यास अजून ठाम काही सांगण्याइतके चांगले नाहीत. अफर्मेशन्स म्हणजे आपणच मोठ्याने म्हणायची किंवा ऐकायची वाक्यं. मेडिटेशनचं गायडेड रेकॉर्डिंग म्हणजे "आता श्वासाकडे लक्ष द्या" वगैरे. या सगळ्यात तुमचं लक्ष जागं असतं आणि तुम्ही काहीतरी करत असता, सबलिमिनलमध्ये तुम्ही काहीच करायचं नाही असं सांगितलेलं असतं. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फरक आहे. ऑडिओच ऐकायचा असेल तर ऐकू येणारा ऐका.

९. मला तलफ आली की मी ट्रॅक लावतो आणि दहा मिनिटांत तलफ जाते. मग हे काम करतंय असंच झालं ना?

तलफ तशीही जाते. एक लाट साधारण पाच-दहा मिनिटांची असते, चढते, वर जाऊन थांबते आणि उतरते, तुम्ही ओढा की नका ओढू. ट्रॅक लावेपर्यंत एक मिनिट, हेडफोन, डोळे मिटून दोन-चार लांब श्वास, तोपर्यंत लाट निम्म्यावर आलेली असते. म्हणजे तुम्ही जे करताय ते बरोबर आहे, श्रेय फक्त चुकीच्या ठिकाणी जातंय. माझं म्हणणं, त्या दहा मिनिटांत तलफेकडेच बघा. कुठे जाणवतेय, घशात, छातीत, बोटांत? वाढतेय की ओसरतेय? अशी चार-पाच वेळा शेवटपर्यंत बघितलीत की फोन जवळ नसला तरी घाबरायला होत नाही.

जागेचंही सांगतो. मी ट्रॅक ऐकायचो तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, आणि वर्षानुवर्षं ओढायचो ते पण त्याच खुर्चीत. ट्रॅकमधला पाऊस सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माझा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिसा रिकामा, आणि दोन बोटं तशीच खिशाच्या काठावर टेकलेली. ती खुर्ची, ती खिडकी, संध्याकाळची ती वेळ हे सगळं मिळून हाताला सांगत होतं की आता सिगारेट. नंतर मी खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली तेव्हा हा प्रकार बराच कमी झाला. ऐकायचंच असेल तर जिथे कधीच ओढली नाही अशा जागी बसून ऐका.

१०. सोडून तीन दिवस झाले, खूप चिडचिड होतेय. ट्रॅक उलटा पडलाय का?

ट्रॅकचा काही संबंध नाही, हे निकोटिनचं विड्रॉवल आहे, म्हणजे सवयीचं निकोटिन बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास. कश घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातलं प्रमाण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून तर सारखी मागणी होते. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक उतरतं.

कॉफी पिणाऱ्यांनी हे वाचा: सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं. सोडल्यावर तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते, छाती धडधडते, झोप उडते आणि माणसाला वाटतं विड्रॉवल सहन होत नाहीये. कॉफी निम्मी करून बघा.

११. पॅच किंवा गम वापरताना ट्रॅक ऐकला तर चालेल?

चालेल, आणि यातलं एकच निवडायचं असेल तर पॅच-गम निवडा. पॅच संथपणे दिवसभर निकोटिन देतो आणि गम अचानक आलेल्या तलफेसाठी असतो, दोन्ही एकत्र वापरले तर एकट्यापेक्षा जास्त फायदा होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा गम सांगतात, नाहीतर २ चा.

गम चुकीचा चघळणारे खूप भेटतात, च्युइंगमसारखा चावत राहतात, मग मळमळ, उचक्या, आणि "मला सूट होत नाही" म्हणून सोडून देतात. हळू चावायचा, झिणझिण्या किंवा तिखट चव जाणवली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की परत दोन-चारदा चावायचा. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जातं, गिळलं तर पोटात जाऊन नुसता त्रास. कॉफी किंवा आंबट काही प्यायला असाल तर पंधरा मिनिटं थांबा.

१२. गोळ्यांनी डोकं फिरतं असं ऐकलंय म्हणून मी ट्रॅककडे वळलो. चूक केली का?

भीती समजू शकतो, व्हॅरेनिक्लिनवर एकेकाळी तसा इशारा होताच. नंतर २०१६ मध्ये सुमारे ८ हजार लोकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात मानसिक आजार असलेले लोक सुद्धा होते आणि पॅच किंवा प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही. मळमळ आणि विचित्र स्वप्नं मात्र बऱ्याच जणांना होतात. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. तुम्हाला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील, निदान विचारून तरी या.

१३. ट्रॅक ऐकून मी २० वरून ८ वर आलोय, हळूहळू शून्यावर येईन. बरोबर आहे ना?

वीसवरून आठवर येणं सोपं नसतं, पण आठवर मुक्काम करू नका. एक म्हणजे कमी ओढणारा माणूस नकळत प्रत्येक कश जास्त खोल घेतो. दुसरं, दिवसाला एकच ओढणाऱ्याला सुद्धा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसाव्या हिश्शाएवढा नाही. इंग्लंडमध्ये २०१६ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनी सिगारेटविना होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना पॅच वगैरे मदत होती. तारीख ठरवा, पुढच्या दोन आठवड्यांतली.

१४. दोन महिने रोज ऐकलं, काहीच झालं नाही. माझं मनच कमकुवत आहे का?

हा प्रश्न वाचला की मला फार वाईट वाटतं, कारण मी पण हेच समजून बसलो होतो. मी ज्यांचा ट्रॅक घेतला होता त्यांनी कळवलं होतं की तुमच्या मनात विरोध आहे म्हणून परिणाम होत नाही, अजून मनापासून ऐका. मी अजून मनापासून ऐकलं आणि त्यानंतर जवळपास दोन वर्षं सोडायचा प्रयत्नच केला नाही, कारण जो सुप्त मनातूनच सिगारेटला चिकटलाय त्याने प्रयत्न करून काय उपयोग असं वाटायचं.

तुमच्या मनात काही दोष नाही. जे साधन मुळात काम करत नाही ते तुमच्याकडे येऊन काम करायला लागेल असं होणार नव्हतं. बहुतेक लोकांची सिगारेट अनेक प्रयत्नांनंतरच सुटते. तुमचा हा प्रयत्न जमेस धरा आणि पुढचा प्रयत्न प्रश्न ११ मधल्या मदतीने करा.

१५. तीन आठवड्यांनी पार्टीत एक ओढली. सगळं संपलं का?

नाही. पण दुसरी आजच टाळा. पाकीट विकत घेतलं असेल तर उरलेलं पाण्यात भिजवून टाका, कुठे, कुणाबरोबर, काय पिताना ओढली ते लिहून ठेवा. पॅच चालू असेल तर तो एकीमुळे बंद करू नका.

१६. ऐकताना काही धोका?

गाडी चालवताना लावू नका, डोळ्यावर झापड येते. आवाज कमी ठेवा. बाकी विशेष काही नाही.

१७. नवऱ्याला सोडायची नाहीये. तो झोपल्यावर त्याच्या उशाशी ट्रॅक लावून ठेवते, चालेल ना?

ताई, तुमची कळकळ कळतेय, तरी हे करू नका. परिणाम होणार नाही हे प्रश्न ७ मध्ये आलंच, आणि त्यांना कळलं की आपल्या नकळत हे चाललं होतं तर सिगारेटचा विषय काढणंच अवघड होऊन बसेल. त्यापेक्षा ते खोकत नसतील, घाईत नसतील अशा वेळी एकदाच विचारा, "सोडायची झाली तर सगळ्यात अवघड कोणती वाटते, सकाळची की जेवणानंतरची?" आणि उत्तर ऐकून घ्या, लगेच सल्ला नको. बऱ्याच जणांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

१८. माझी मानसिक आजाराची औषधं चालू आहेत / मी प्रेग्नंट आहे. ट्रॅक हाच सेफ पर्याय आहे ना?

दोन्ही ठिकाणी उत्तर एकच, आधी डॉक्टरांना सांगा. क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्याचं थिओफिलिन अशी काही औषधं धुरामुळे लिव्हरमध्ये लवकर संपतात. सिगारेट बंद झाली की तोच डोस रक्तात चढू शकतो, मग तुम्ही कशाच्याही मदतीने सोडलेली असो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे पॅच लावला म्हणून टळत नाही. सोडू नका असं मी म्हणत नाहीये, सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवा म्हणजे ते डोस बघतील.

प्रेग्नन्सीत समुपदेशन पहिलं, पॅच-गम लागलाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि व्हॅरेनिक्लिन-ब्युप्रोपिऑन सहसा देत नाहीत. ट्रॅक सेफ आहे हो, पण सिगारेट चालू राहिली तर बाळाला त्याचा काय उपयोग?

१९. सिगारेट सुटून पाच महिने झाले, ट्रॅक अजून रोज ऐकते. बंद केला तर परत सुरू होईल अशी भीती वाटते.

पाच महिने! तुम्ही सोडलीत, तुम्हीच सोडलीत. ट्रॅक एकदम बंद करायलाच हवा असं नाही, पण ही भीती घेऊन राहू नका. एखादा निवांत दिवस निवडा आणि त्याच वेळी, त्याच जागी नुसत्या बसा, काही न लावता. जमलं की दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस. चुकल्याचुकल्यासारखं होईल, ते त्या आवाजाच्या सवयीचं. सिगारेटची तलफ वेगळी असते आणि पाच महिन्यांत ती तुम्ही इतक्या वेळा बघितलीय की लांबून येताना सुद्धा ओळखाल.